आजीच्या माजघरात मावणारा कॅमेरा

सगळा घोळ सुरू झाला तो फोनमधल्या 'पॉइंट फाइव्ह'मुळे. ग्रुप फोटोत कुणी कट होऊ नये म्हणून आपण ०.५ वर टॅप करतो आणि अख्खी गँग फ्रेममध्ये येते ना, तेच ते. गेल्या गणपतीत जुन्या पनवेलला आजीकडे गेले होते. सगळे ओसरीवर आरतीच्या गडबडीत, आणि मी आत माजघरात धडाधड वीस-पंचवीस फोटो मारले. रात्री तिला दाखवले. आजीनं चष्मा पदराला पुसला, फोन हातभर लांब धरला आणि विचारलं, "हे कुणाचं गं घर?"

"तुझंच की!"

"माझं? माझं माजघर एवढं कधी होतं? ह्यात तर लग्नाची पंगत बसेल."

मी हसले. पण परत बघितलं तर ती बरोबर होती. दहा बाय बाराची खोली चक्क बँक्वेट हॉल दिसत होती. कोपऱ्यातलं फडताळ ताणून आडवं झालेलं, आणि मधोमध बसलेली आजी ठिपक्याएवढी. एरवी मी ते फोटो डिलीट करून विसरून गेले असते. पण यंदा तसं करून चालणार नव्हतं, कारण वाडा जाणार होता.

पनवेल म्हणजे मुळात तळ्यांचं आणि वाड्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही तळी अजून आहेत. वाडे मात्र एकेक करून चाललेत. २०१६ साली महापालिका झाली, २०२५ च्या डिसेंबरात विमानतळावरून विमानं उडायला लागली, आणि ह्या दोन्हींच्या मधल्या काळात आमच्या गल्लीत चौरस फुटाचा भाव काय झाला ते विचारूच नका. आमचा वाडा वडाळे तळ्याच्या बाजूला, एका बोळात. मंगलोरी कौलं, चार बिऱ्हाडं, आणि चार बिऱ्हाडांचं एकमत व्हायला लागलेली अकरा वर्षं! ते यंदा झालं. पाडव्यानंतर पंधरा दिवसांत सगळ्यांनी जागा रिकामी करायची, असं ठरलं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. त्यातली चौसष्ट ह्या माजघरात गेली.

तर मला त्या खोलीचा एक तरी फोटो असा हवा होता की आजीनं बघून म्हणावं, "हां, हे माझं." एवढंच! आणि एवढ्यासाठी मी पुढचे पाच महिने कॅमेऱ्याच्या खिडक्यांमध्ये डोकं घालून बसले.

दिवाळीत मामा आला. मामा गेली बावीस वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टला. आमच्याकडे येताना चॉकलेटं आणायची वयं सगळ्यांची गेलेली, त्यामुळे त्यानं मला एक छोटा डबा दिला. आत बुंदीच्या लाडवाएवढी लेन्स. फोइग्टलँडर, २१ एमएम, एफ/४. नाव जर्मन, माल जपानी. १९९९ पासून कोसिना ही जपानी कंपनी हे नाव घेऊन कॅमेरे आणि लेन्स बनवायला लागली. सोबत अंगठ्याएवढं एक काळं नळकांडं, त्यातून बघितलं की समोरची पूर्ण भिंत दिसायची.

"आणि कॅमेरा?" मी विचारलं.

"बॉडी विकली. लेन्स विकवेना." मामा असा तुटक बोलतो. "तू शोध बॉडी. पण रेंजफाइंडरच लागेल हां. तुझ्या त्या डीएसएलआरवर नाही बसणार."

झालं! आता तुम्ही म्हणाल, फिल्म कशाला, फोनमध्ये वीस हजार फोटो आहेत की. मान्य. मीही हेच म्हटलं असतं. पण लेन्स फुकट मिळालेली, दिवाळी बोनस अकाउंटला पडून, आणि फोननं तर त्या खोलीचा मॅरेज हॉल करून दाखवलेला. शिवाय एकदा गुगल करायला बसलं की माणूस थोडाच उठतो?

रेंजफाइंडरचा फंडा आधी थोडक्यात सांगते. आपल्या नेहमीच्या एसएलआरमध्ये लेन्सच्या मागे आरसा असतो. त्यामुळे लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नाही. वरच्या बाजूला वेगळी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. खिडकीच्या मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात समोरची वस्तू डबल दिसते. लेन्स फिरवत दोन प्रतिमा एकीवर एक आणल्या की फोकस झाला. आरसा नसल्याचा फायदा वाइड अँगलला होतो. लेन्सचं मागचं टोक फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं. एसएलआरमध्ये आरशाला वाट सोडायची म्हणून वाइड लेन्सला द्राविडी प्राणायाम करावा लागतो; लेन्स मोठी होते, जड होते, आणि सरळ रेघा सरळ ठेवणं अवघड होऊन बसतं. १९५४ साली लुडविग बेर्टेले नावाच्या माणसानं झाइससाठी २१ एमएमची बायोगॉन केली ती अशाच आरसा नसलेल्या कॅमेऱ्यासाठी. सांगायचा मुद्दा, रेंजफाइंडर आणि वाइड हे जुनं लग्न आहे.

पण ह्या लग्नात एक गोची आहे. लेन्स बदलली तरी खिडकी तीच राहते! कंपनीनं खिडकीत ज्या लेन्सच्या चौकटी आखल्या असतील तेवढ्याच आपल्या. बाकीच्यांसाठी अंदाजपंचे.

१९५४ च्या लायका एम३ मध्ये ५०, ९० आणि १३५ च्या चौकटी आहेत, ३५ सुद्धा नाही. पुढे एम२ मध्ये ३५ आली. २८ ची चौकट यायला १९८० चं दशक उजाडलं, एम४-पी मध्ये. गंमत म्हणजे न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आयुष्यभर फोटो काढणारा गॅरी विनोग्रँड २८ एमएम लेन्स वापरायचा ती साध्या एम४ वर, ज्याच्या खिडकीत २८ ची चौकटच नाही. आणि कार्तिए-ब्रेसाँ १९४७-४८ मध्ये भारतात फिरला, गांधीजींच्या अंत्ययात्रेचे फोटो काढले, तो तर मुळात ५० एमएमवाला. पण त्याला काय, तो मोकळ्या रस्त्यावर उभा होता. त्याला आमच्या माजघरात उभं करायला हवं होतं.

एका रविवारी बाबांची मेजर टेप घेऊन मी आजीकडे गेले. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. हिशोब सोपा आहे: आपण जितक्या फुटांवर उभे आहोत त्याला ३६ नं गुणायचं आणि लेन्सच्या आकड्यानं भागायचं. खोलीची खोली (सॉरी!) दहा फूट. त्यातून मी, कॅमेरा आणि भिंतीला टेकवलेली माझी पाठ वजा केली तर उरले साडेआठ. ५० एमएम लावली तर समोरच्या भिंतीचे सहा फूट मिळणार. ३५ लावली तर पावणेनऊच्या आसपास. २८ ला अकराच्या जरा आत. आणि भिंत बारा फुटांची! म्हणजे एका टोकाला फडताळ किंवा दुसऱ्या टोकाला देवघर, दोघांपैकी एक कापलं जाणार. २१ ला मात्र साडेचौदा फूट मिळत होते. मामाची लेन्स विकून २८ घ्यावी असं जे मनात आलं होतं, ते तिथेच बारगळलं.

"काय मोजतेस?" आजी तांदूळ निवडत होती.

"भिंत."

"बिल्डरचा माणूस मोजून गेलाय की."

ह्यावर काय बोलणार.

मग बॉडीचा शोध. ऑफिसमध्ये, म्हणजे ऐरोलीला, आमच्या टीममधल्या एकाकडे लायका एम६ आहे हे मला माहीत होतं. १९८४ साली आलेलं मॉडेल, २०२२ मध्ये कंपनीनं पुन्हा काढलं, एवढी त्याची क्रेझ! ह्याचा कॅमेरा एअरटाइट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये झोपलेला असतो. (त्यात त्याचं चुकत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सवर बुरशी यायला दोन महिने पुरतात. सेकंडहँड काहीही घेताना टॉर्च मारून काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का ते आधी बघा.) बिचाऱ्यानं विकेंडसाठी दिला. सकाळी खांदा कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर गेले. हवा स्वच्छ होती, कर्नाळ्याचा अंगठा स्पष्ट दिसत होता. रेंजफाइंडर तपासायची ही आपली घरगुती पद्धत: लेन्स इन्फिनिटीला ठेवायची आणि खूप लांबची उभी वस्तू बघायची. मधल्या चौकोनात ती एकच दिसली पाहिजे. कर्नाळ्याचा सुळका एकच दिसला. खिडकी स्वच्छ, लिव्हर लोण्यासारखी, आवाज असा की दार हलकेच लोटल्यासारखा. बॉस, प्रेमात पडायचीच बाकी होते.

पण मला चष्मा आहे. दोन्ही डोळ्यांना मायनस पाच. एम६ च्या नेहमीच्या मॉडेलमध्ये खिडकी समोरचं जग ०.७२ पट दाखवते. त्यात २८ ची चौकट सगळ्यात बाहेरची, अगदी कडेला. चष्मा लावून डोळा काचेपासून मागे राहतो, त्यामुळे मला ती चौकट एका वेळी दिसेचना. डावी कड बघितली की उजवी गायब. आणि २१ ची चौकट तर मुळात नाहीच, ती बघायला परत मामाचं नळकांडं वर बसवायचं. किंमत विचारली तर म्हणे आता दोन लाखांच्या पुढे. म्हणजे दोन लाखांची खिडकी घ्यायची आणि बघायचं मात्र नळकांड्यातून! ०.५८ ची खिडकी असलेली एम६ पण निघाली होती, चष्मेवाल्यांना बरी, पण त्यातही २१ नाहीच.

झाइस इकॉनचीही तीच कथा. खिडकी म्हणे अप्रतिम, मोठी, उजळ. पण चौकटी २८ पासून पुढे.

मग सापडला तो बेसा आर४एम. आहा! कोसिनानं हा २००६-०७ च्या सुमारास काढला, खास वाइडवाल्यांसाठी. खिडकी ०.५२ पट, आणि आत चौकटी कुठल्या, तर २१, २५, २८, ३५ आणि ५०. वरून बॅटरी संपली तरी शटर चालतं. २०१५ पर्यंत कोसिनानं बेसाचे कॅमेरे बंद केले, त्यामुळे आता जे काही आहे ते सेकंडहँड. दादरच्या एका काकांकडे एक असल्याचा पत्ता लागला. काका पूर्वी अॅड एजन्सीत फोटोग्राफर होते, आता एकेक वस्तू चांगल्या घरी देताहेत. चहा झाला, मी खिडकीला डोळा लावला... आणि कडा परत गायब. २१ ची चौकट इतकी काठाला की चष्म्यातून बघताना मान वळवून, खिडकीत डोकावल्यासारखं बघावं लागत होतं. काका प्रामाणिक निघाले. म्हणाले, "चष्मा असेल तर ह्यात २८ छान. २१ ला कसरत आहे." आणि किंमत लाखाच्या वर.

तरी मी जवळजवळ हो म्हणणार होते. खरंच. पर्याय संपले की माणूस महागातलं काहीतरी घेऊन मोकळा होतो, हे आपण फ्लॅटपासून नवऱ्यापर्यंत सगळीकडे बघतोच.

घरी आई एवढंच बोलली, "लाख रुपयांत आजीच्या नव्या खोलीला एसी येईल. इन्व्हर्टरही येईल."

हा फाऊल होता. पण बरोबर होता.

त्या रात्री मी कॅमेऱ्यांचे रिव्ह्यू सोडून लेन्सवरचे आकडे बघत बसले. लेन्सच्या नळीवर खुणा असतात: एफ/८ ला किती अंतरापासून किती अंतरापर्यंत सगळं स्पष्ट येईल, त्याच्या. गणित केलं तर २१ एमएमला एफ/८ वर १.८ मीटरला फोकस ठेवला की साधारण ०.९ मीटरपासून थेट कर्नाळ्याच्या अंगठ्यापर्यंत सगळं शार्प! म्हणजे फोकस करायचंच नाही. एकदा ठेवला की विसरा. बरं, माजघरात अंधार, तिथे एफ/४ वर जावं लागणार. तरी दीड मीटरला लावलं की एक मीटरच्या जरा पुढून अडीच मीटरपर्यंत स्पष्ट. साडेआठ फूट म्हणजे अडीच मीटरच की! खोलीच संपते तिथे.

आणि मग ट्यूब पेटली. लायकाच्या दोन खिडक्यांमधलं अंतर जवळपास ६९ मिलिमीटर, बेसाच्या फक्त ३७. आपल्या दोन डोळ्यांसारखं आहे ते, अंतर जितकं जास्त तितका अंतराचा अंदाज पक्का. म्हणून लोक बेसाला नावं ठेवतात, लायकाला एवढे पैसे देतात. पण ती अचूकता लागते ५० ला, ९० ला, उघड्या अॅपर्चरला. २१ वाल्या बाईला तिचा उपयोग काय? मी पाच आठवडे जी यंत्रणा महाग की स्वस्त हे तोलत होते, तिची मला गरजच नव्हती. मला फक्त नीट बघायचं होतं, कडेपर्यंत. आणि चष्म्यासकट कडेपर्यंत दिसत होतं ते मामाच्या फुकटच्या नळकांड्यातून.

थोडक्यात, मला असा रेंजफाइंडर कॅमेरा हवा होता ज्याच्यात रेंजफाइंडर नाही.

हसू नका, असा कॅमेरा आहे! बेसा-एल. १९९९ साली कोसिनानं फोइग्टलँडर नावाची सुरुवात केली ती ह्याच्यापासून. ना खिडकी, ना फोकसचा चौकोन. वरती नळकांडं बसवायला एक खाच, समोर ३९ मिलिमीटरचा आटा, ज्यात मामाची लेन्स सरळ फिरवून बसते; अॅडॉप्टरची भानगड नाही. लाइट मीटर आहे, त्याचे तीन चिमुकले दिवे मागच्या बाजूला लागतात, हिरवा लागला की एक्स्पोजर ठीक. शटर मेकॅनिकल. वाइड लेन्सवाल्यांसाठीच केलेला साधा डबा.

फोर्टात बोरा बाजारच्या गल्लीत गेले, सीएसएमटीवरून पाच मिनिटं. पनवेलवरून हार्बरनं जायचं म्हणजे सव्वा-दीड तास बूड बधिर. एका दुकानदारानं आधी मला रशियन झॉर्की दाखवला. स्वस्त होता, लेन्सही बसली असती. पण त्याच्या काही मॉडेलमध्ये शटर ताणायच्या आधी स्पीड बदलला तर आतलं काहीतरी बिघडतं. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी पहिल्याच दिवशी ते केलं असतं. बेसा-एलचं नाव काढल्यावर दुकानदार म्हणाला, "मॅडम, वो तो खिलौना है." तरी त्यानंच दोन फोन लावले आणि आठवड्याभरात एक आणून दिला. अठरा हजार. बोनसमधून उरलेले पैसे मी आईच्या हातात ठेवले, एसीसाठी. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी शिरा केला.

आता पहिला रोल. फिल्मचा रोल हजाराच्या आसपास, डेव्हलप आणि स्कॅन वेगळं. म्हणजे एका क्लिकला चाळीसेक रुपये. फोनवर जी बोटं मशीनगनसारखी चालतात ती इथे आपोआप शहाणी होतात. पाठ भिंतीला लावून मी सगळ्या भिंती घेतल्या. मग जवळून आजी, तिच्या मागे भिंतीवर आजोबांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. शटर असं वाजलं की आजी दचकली, "काय तुटलं?" (हा बेसाचा दोष. आवाज खटाक! लायका नाही तो.)

स्कॅन आले आणि माझा चेहरा पडला. नळकांडं लेन्सच्या तीन-चार बोटं वर बसतं ना? लांबच्या फोटोत तेवढ्यानं काही फरक पडत नाही. पण तीन-साडेतीन फुटांवरून काढलं की नळकांड्यातून दिसलेलं वरचं तेवढं फोटोत येतच नाही, आणि न दिसलेलं खालचं येतं. जवळून काढलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये आजोबांचा फोटो वरून कापलेला. आर४एम सारख्या कॅमेऱ्यात फोकसबरोबर चौकट आपोआप सरकते, ही चूक होत नाही. अठरा हजारांत ते कुठून येणार? पुढच्या रोलपासून मी फ्रेम लावायचे आणि मग कॅमेरा चार बोटं वर उचलायचे. अगदी गावठी उपाय, पण चालला.

आणि भिंतीला टेकून काढलेले फोटो? ते नीट आले होते. सगळी भिंत, फडताळ, देवघर, सगळं. तरी आजी म्हणाली, "परत हॉलच." फोनइतका नाही, पण हॉलच. हे मला कुठल्याच रिव्ह्यूनं सांगितलं नव्हतं. मी २१ घेतली ती मागे सरकायला जागा नाही म्हणून, आणि मागे सरकून तिच्यातून बघितलं की मागची भिंत लांब पळते. खोली मोठी आणि रिकामी दिसते. ही लेन्स मागे जायची नाहीच, पुढे यायची आहे. तीन फुटांवर आजी, आणि तिच्या भोवती आपोआप येईल ती खोली. फक्त तिला मधोमध ठेवायचं, कडेला गेली की गाल ताणला जातो.

दुसरा रोल मी तसा काढायला घेतला. मांडी ठोकून समोर बसले. आजी परत तांदूळ निवडत होती, हे काम तिचं कधी संपत नाही. फ्रेम लावताना माझ्या लक्षात आलं की उजवीकडचा लाकडी खांब तिरका दिसतोय. वाइड लेन्स जरा वर-खाली झुकली की उभ्या रेघा कलतात, हे वाचलं होतं. मी कॅमेरा सरळ करते, खांब तिरका. परत सरळ करते, तरी तिरका.

"काय झालं?"

"खांब सरळ येत नाहीये."

"येईल कसा? तो ओळंब्यात नाहीच." आजोबा पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते, आजीच्या तोंडी असले शब्द सहज येतात. "कोयनेचा भूकंप झाला ना, त्या रात्रीपासून कललाय. ह्यांनी दुसऱ्या दिवशी ओळंबा लावून बघितला होता. बोटभर." तिनं सूप खाली ठेवलं. "म्हणाले, आपण आहोत तोवर राहील."

कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरातला. मी त्या खांबाला टेकून अभ्यास केलाय, दहावीचा आणि बारावीचा. मला कधी दिसलं नव्हतं.

हिरवा दिवा लागला. एक पंधरांश सेकंद, एफ/४, श्वास रोखून. आरसा नसल्यामुळे आत काही आपटत नाही, इतक्या कमी स्पीडलाही हात हलला नाही तर फोटो हलत नाही. खटाक.

असे चार रोल झाले. पाडव्याची गुढी वाड्यातच उभारली, आणि नंतरच्या रविवारी टेम्पो आला. आजी आता करंजाड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे, नवव्या मजल्यावर. एसी लागलाय, ती तो लावत नाही. वाड्याला समोरून निळे पत्रे ठोकलेत, बोळातून आत काही दिसत नाही.

मी चाळीसेक फोटोंचे प्रिंट काढून नेले. तांदूळ निवडतानाचा, खांबवाला, सगळ्यात वर ठेवला होता. तो तिनं बघितला, "बरा आलाय" म्हणाली आणि बाजूला ठेवला. मग एकेक करत पहिल्या रोलपर्यंत पोचली. तिथे थांबली. तो कापला गेलेला, आजोबांचं कपाळ आणि अर्धा हार गायब असलेला फोटो. माझी चूक. तो गठ्ठ्यात राहिलाच कसा म्हणून मी काढून घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे. हा मला."

"अगं, ह्यात आजोबा कापलेत."

"त्यांचा फोटो आहे माझ्याकडे, तो काय समोर टांगलाय." तिनं प्रिंट खिडकीच्या उजेडात धरला. वरचं कापलं गेलं होतं त्या हिशोबानं खालचं जास्त आलं होतं, मी काढताना न बघितलेलं: शेणानं सारवायची त्या काळापासूनची जमीन, आता लाद्या बसवलेली, पाटाचा एक पाय, आणि दाराचा उंबरठा. मधोमध झिजलेला, पन्हळीसारखा.

"हे," आजीनं बोट ठेवलं, "हे मी झिजवलंय."

आणि तिनं तो फोटो पोथीत ठेवून दिला.